टूलबॉक्स ठीक

आमच्या घरातली वीज कधी जायची नाही आणि आमच्या गाडीत ती ऐन वेळी यायची नाही. आम्ही तारापूरला प्लांटच्या कॉलनीत राहायचो आणि माझे वडील, म्हणजे अण्णा, प्लांटमध्ये विजेच्या देखभालीचे फोरमन होते. अर्ध्या राज्यातले पंखे ज्या विजेवर फिरतात म्हणे, ती ज्यांच्या नजरेखालून बाहेर पडायची, त्या माणसाला सकाळी सव्वासहा वाजता इस्त्रीचा निळा गणवेश घालून एका काळ्या मोटारसायकलला किका मारताना सगळी कॉलनी दात घासत बघायची. पहिल्या पाच किका जोरात, मग कॉलरचं बटण उघडायचं, मग पुढच्या पाच, मग घड्याळाकडे बघायचं. तेवढ्यात कोपऱ्यावर प्लांटची बस हॉर्न द्यायची आणि अण्णा डबा काखेत मारून पळत सुटायचे. समोरचे देशमुखकाका तोंडातला फेस सांभाळत दर वेळी एकच वाक्य बोलायचे, "फोरमनसाहेब, प्लांटमधनं एक वायर ओढून घ्या की तिला!" अण्णांना हा विनोद अजिबात आवडायचा नाही. मला आवडायचा, पण मी हसायचे नाही, कारण गाडी पुसायचं काम माझ्याकडे होतं आणि नोकरी टिकवायची होती.

ती गाडी अण्णांनी बोर्डीकडच्या एका चिकूवाडीवाल्याकडून घेतली होती. तेव्हाच ती माझ्या आईपेक्षा वयाने मोठी होती. परदेशी बनावट, एकच सिलिंडर, टाकीवर सोनेरी रेघ, कंदिलाएवढा हेडलाइट आणि त्याच्या डोक्यावर करंट दाखवणारा रुपयाएवढा ॲमीटर, ज्याचा काटा इकडे तिकडे हलला की गाडीत जीव आहे असं समजायचं. आता तिला व्हिंटेज म्हणतात. पालघरच्या माझ्या घरासमोर लोक थांबतात, फोटो काढतात, एकजण तर तिच्याशेजारी बायकोला उभी करून गेला. तेव्हा ती नुसती जुनी होती, आणि जुन्या वस्तूला त्या काळी कुणी इंग्रजी नाव देत नसे. अण्णा तिला 'मशीन' म्हणायचे. आई तिला 'ती काळी' म्हणायची. "ती काळी सुरू झाली का हो?" असा प्रश्न आतून आला की अण्णा उत्तर द्यायचे नाहीत, आणि उत्तर आलं नाही की आई समजून बसच्या पैशांची चिल्लर दाराशी ठेवायची, कारण प्लांटची बस चुकली तर पुढे एस.टी. होती.

आम्ही मूळचे सोलापूरकडचे. दोन्ही घराण्यांत, आईच्या भाषेत सांगायचं तर, सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नव्हतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहूनही आईने आपलं स्वयंपाकघर सोलापुरातून हलू दिलं नाही. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, उन्हाळ्यात वाळवलेल्या कडक भाकऱ्यांची चवड, आमटीवर बोटभर तेलाचा तवंग. कॉलनीत रविवारी घरोघरी मासळी तळायला लागली की आई पश्चिमेकडच्या खिडक्या लावून घ्यायची आणि कापराची वडी पेटवायची. ती कुणाला नावं ठेवायची नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं तर "मला सर्दी हाय जरा" म्हणायची. दर रविवारी सर्दी. आईची दुसरी एक सवय इथेच सांगून ठेवते. अण्णा शिफ्टमध्ये, त्यामुळे माझ्या प्रगतिपुस्तकावर, वह्यांवर, शाळेच्या चिठ्ठ्यांवर सही आईची असायची. ती नुसती सही करायची नाही, आधी वळणदार अक्षरात 'पाहिले.' लिहायची, पुढे पूर्णविराम, मग सही. गणितात सत्तर मिळोत की सतरा, रागावणं नाही, कौतुक नाही. पाहिले. मला त्या एका शब्दाची जेवढी भीती वाटायची तेवढी अण्णांच्या ओरडण्याची कधी वाटली नाही.

अण्णा ओरडायचे मात्र भरपूर, आणि ते सगळं शिस्तीसाठी. प्लांटमध्ये प्रत्येक यंत्राचं रजिस्टर असतं, म्हणून आमच्या गाडीचंही होतं. लांबट, जाड पुठ्ठ्याचं, आत हाताने रेघा मारलेल्या. लक्षण, तपासणी, दोष, कारण, उपाय, सही, शेरा. तपासणीच्या खाली सात ओळी ठरलेल्या: प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, बॅटरी, स्विच, आणि सातवी टूलबॉक्स. गाडीच्या उजव्या कुशीला एक पत्र्याची पेटी होती, तिला कुलूप, आणि कुलपाची किल्ली अण्णांच्या करदोट्याला हातभर दोऱ्याने बांधलेली. आंघोळीलाही ती निघत नसे. गाडी अडली की अण्णा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात चटई टाकून एकेक ओळ तपासायचे आणि मला शेजारी बसवून शिकवायचे. आधी लक्षण नीट बघ, मग वाट धर, एका वेळी एकच गोष्ट बदल. आणि सगळ्यात मोठा नियम, जो ते बोट वर करून सांगायचे, "नंदे, डोळ्यांनी बघितल्याशिवाय टिक करायची नाही. प्लांटमध्ये खोटी टिक करणारा माणूस आणि आग लावणारा माणूस, दोघांना मी एकाच रांगेत उभं करतो."

माझं नाव सुनंदा, पण अंगणात मी नंदी होते आणि माझ्याकडे ठिणगी बघण्याचं खातं होतं. प्लग काढायचा, त्याच्या टोपीत वायर घालायची, प्लगचं अंग इंजिनाला टेकवून धरायचं आणि अण्णांनी किक मारली की टोकावर ठिणगी पडते का ते सांगायचं. निळी आणि टपटपीत असली तर उत्तम, पिवळी आणि लाजरी असली तर दोष. पहिल्यांदा मी तो प्लग धरायच्या जागी न धरता भलत्याच जागी धरला. अण्णांनी किक मारली आणि मी चटईवरून थेट तुळशीपाशी जाऊन बसले. आई पदर खोचत धावत आली. अण्णा मात्र खाली वाकून मला विचारत होते, "निळी होती का पिवळी?" मी रडत रडत "निळी" म्हणाले, आणि त्यांनी शांतपणे रजिस्टरमध्ये 'ठिणगी चांगली' असं लिहिलं. त्या दिवशी आई अण्णांशी जेवणापर्यंत बोलली नाही. मला विचाराल तर मी त्याच दिवशी विजेच्या प्रेमात पडले. एवढी जोरकस गोष्ट माझ्या आयुष्यात तोवर झालीच नव्हती.

गाडीचं दुखणं विचित्र होतं, कारण ते ठरावीक वारी यायचं. अण्णांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. त्या दिवशी गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायची, अण्णा तिच्यावरून पालघरच्या बाजारात जायचे, भाजी, शेंगा, माझ्या वह्या घेऊन संध्याकाळी परत यायचे. आणि बुधवारी सकाळी ती मुडदा. काटा हलायचा नाही, हॉर्न दाबला तर घसा बसल्यासारखा आवाज यायचा. अण्णा सगळ्यांना आत पाठवायचे, पाने आत ठेवतो म्हणून टूलबॉक्स उघडायचे, बंद करायचे आणि पिशवी घेऊन बस पकडायचे. बुधवारी त्यांना हमखास ओव्हरटाइम असे, त्यामुळे ते उशिरा यायचे, चेहऱ्यावर समाधान, जेवायला फारशी भूक नाही. येऊन एक किक मारायचे आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू! अण्णांनी रजिस्टरात कारण लिहून टाकलं होतं, 'पहाटेचं दव व खारी हवा.' मी एकदा विचारलं, दव फक्त बुधवारीच पडतं का? तर मला आत जाऊन अभ्यास करायला सांगितलं गेलं. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण ती कुणाला सांगावी अशी वाटत नव्हती. मंगळवारी संध्याकाळपासून कॉलनीतल्या तीन मांजरी आमच्या गाडीखाली येऊन बसायच्या. देशमुखकाकांची स्कूटर शेजारीच असे, तिच्याकडे त्या ढुंकून बघत नसत.

बोईसरला रफीक मिस्त्रींचं गॅरेज होतं. अण्णा सुट्टीच्या सकाळी त्यांच्याकडे गाडी न्यायचे. जाताना ती सुरू, तिथे सुरू, येताना सुरू. रफीक मिस्त्रींनी कॉइल बदलून पाहिली, कंडेन्सर बदलला, पॉइंट घासून घासून कागदासारखे केले. शेवटी ते हात पुसत म्हणाले, "साब, गाड़ी को कुछ बीमारी नहीं है. इसको आपके घर में अच्छा नहीं लगता." टूलबॉक्स उघडा म्हणाले तर अण्णा म्हणाले, "वो मैंने देखा है." रफीक मिस्त्री आपले पुन्हा पॉइंटांकडे वळले. फोरमनने पाहिलंय म्हटल्यावर गॅरेजवाला काय बोलणार?

त्याच उन्हाळ्यात माझी दहावी झाली. मला डिप्लोमाला जायचं होतं, तेही इलेक्ट्रिकलला. अण्णांनी माझ्यासाठी डी.एड. ठरवून ठेवलं होतं. फॉर्मवर पालकांची सही लागायची आणि इथे आईची चालणार नव्हती, वडिलांची हवी असं कार्यालयातल्या माणसाने बजावून सांगितलं होतं. मी तो फॉर्म पंधरा दिवस अण्णांच्या ताटाशेजारी, उशीशेजारी, दाढीच्या सामानाशेजारी ठेवत होते आणि ते तो उचलून टेबलावर ठेवत होते. शेवटी एका बुधवारी सकाळी, दहावी किक वाया गेली असताना, मी फॉर्म घेऊन गाडीपाशीच गेले. चुकीची वेळ होती, कबूल आहे. अण्णा ओरडले, "इलेक्ट्रिकल! अगं, माझी अक्कल संपली या मशीनपुढे, तू कोण लागून गेलीस? शोधून काढ हिचा दोष. दोष आणि कारण, दोन्ही. नुसती सुरू केलीस तर ते नशीब. कारण दाखव, तिथल्या तिथे सही करतो!" देशमुखकाका दात घासता घासता थांबले आणि म्हणाले, "आम्ही साक्षीदार." आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि चिल्लर उचलून आत नेली. फॉर्म द्यायची शेवटची तारीख पुढच्या बुधवारी होती, दुपारी एकपर्यंत, पालघरला.

ते सात दिवस मी जेवढा अभ्यास केला तेवढा दहावीला केला असता तर आईने 'पाहिले'च्या पुढे आणखी एखादा शब्द लिहिला असता. मी रजिस्टर पहिल्यापासून वाचलं. सव्वादोन वर्षांचे बिघाड. प्रत्येक वेळी पहिल्या सहा ओळींपुढे काही ना काही खरडलेलं होतं, प्लग काळा, पॉइंट घासले, बॅटरीत पाणी घातलं. सातव्या ओळीपुढे मात्र दर वेळी एकच, 'टूलबॉक्स ठीक', आणि टिक. अक्षर सारखं, शाई सारखी, कधी कधी तर ती ओळ इतर सहांच्या आधीच भरलेली दिसत होती. मग मी बॅटरीपासून वायरी धरत गेले. बॅटरी डाव्या बाजूला उघड्या कप्प्यात होती. तिची एक वायर स्विचकडे जात होती. दुसरी, करंटला परत यायची वाट, जिला अर्थिंग म्हणतात, ती सीटखालून पलीकडे जाऊन एका भोकातून टूलबॉक्समध्ये शिरत होती आणि तिथेच कुठेतरी सांगाड्याला बोल्टने आवळलेली असणार होती. अण्णांनी मला दहाव्या वाढदिवसाला टेस्ट लॅम्प दिला होता, दोन वायरींच्या टोकाला लटकणारा एक छोटा बल्ब. इतर मुलींना बाहुल्या मिळत. मी तो पेटीतून काढला आणि बुधवारची वाट बघत बसले.

अण्णांची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती, त्यामुळे बुधवारी सकाळी ते घरी होते. रफीक मिस्त्रींना त्यांनी पंच म्हणून बोलावून घेतलं होतं. पोरगी हरणार याची त्यांना इतकी खात्री होती की चहा दोनदा झाला, तोही कोरा. साडेदहाच्या सुमारास पाम गावचे जनूभाऊ सायकलवरून आले. ते अण्णांच्या हाताखाली फिटर होते, धिप्पाड, कायम हसरे. त्या दिवशी का कोण जाणे, ते हसत नव्हते. "साहेब, जरा काम होता," असं म्हणून ते अण्णांना बाजूला घ्यायला बघत होते आणि अण्णा त्यांना डोळ्यांनी गप्प करत होते. तिन्ही मांजरी गाडीखाली हजर होत्या. देशमुखकाका रजा टाकून आले होते.

मी चावी फिरवली. काटा हलला नाही. मी टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या स्विचकडच्या टोकाला लावलं आणि दुसरं इंजिनाला. बल्ब मिणमिणला, विझला. तेच दुसरं टोक इंजिनावरून काढून थेट बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला लावलं. बल्ब लख्ख पेटला. "बॅटरी चांगली," मी म्हणाले, "करंट निघतो, पण परत यायची वाट बंद आहे." मग मी दोन हात लांब वायर घेतली, तिचं एक टोक बॅटरीच्या त्याच दुसऱ्या टोकाला आणि एक इंजिनाला बांधलं, कमरेला ओढणी आवळली आणि किक मारली. पहिली मला झेपली नाही. दुसरीला ती काळी अशी काही गरजली की मांजरी तीन दिशांना उडाल्या आणि देशमुखकाकांचा कप बशीतून खाली आला. रफीक मिस्त्री ओरडले, "अरे वा बेटी! अर्थिंग!"

अण्णांनी गाडी बंद केली. त्यांचा चेहरा अभिमानाने फुलायला लागला होता आणि मधेच कुठेतरी अडकला होता. "दोष सापडला," ते म्हणाले. "कारण?"

"कारण टूलबॉक्सच्या आत आहे. किल्ली द्या."

"टूलबॉक्स ठीक आहे."

"आतला बोल्ट बघायचाय."

"रजिस्टरमध्ये टिक आहे," अण्णा म्हणाले, पण आवाज फोरमनचा नव्हता.

जनूभाऊ मधे पडले. "बाय, त्यात काय बी नाय, नुसते पाने हायत. आमी रोज बगतो. तू आपली वरच्यावर वायर बांद नि जा." त्यांनी उगाच पेटीवर हात ठेवला होता. मला तेव्हाही कळलं नाही. मला फक्त घड्याळ दिसत होतं, अकरा वाजून गेले होते, आणि फॉर्मवरची ती मोकळी रेघ. मी अण्णांकडे बघून विचारलं, "तुम्ही डोळ्यांनी बघितलाय का तो बोल्ट?"

अण्णा हो म्हणू शकले असते. वडील होते, फोरमन होते, अंगण त्यांचं होतं. एक 'हो' आणि मी आयुष्यभर कुठल्यातरी शाळेत पाढे घेत बसले असते. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, जिथे आई हात पुसत उभी होती. मग आई म्हणाली, "दूध उतू चाललं वाटतं," आणि आत गेली. अण्णांनी सदरा वर करून करदोट्याची गाठ सोडायला घेतली. गाठ इतक्या वर्षांची होती की ती सुटेना. शेवटी रफीक मिस्त्रींनी पकडीने कापून दिली. किल्ली माझ्या हातात ठेवताना अण्णा हळूच म्हणाले, "झाकण अर्धंच उघड."

अर्धं उघडूनही काही उपयोग झाला नाही. वासाने आपलं काम झाकण उघडायच्या आधीच केलं होतं. आत पान्यांच्या वर, बाजूला, कोंबून कोंबून बसवलेली वर्तमानपत्राची भली मोठी पुडी होती, ओलसर, तेलकट, आणि तिच्या एका फाटक्या कोपऱ्यातून सुक्या बोंबलांची तोंडं माझ्याकडे बघत होती. आमच्या सात पिढ्यांतली कुणीही व्यक्ती बोंबलाच्या इतक्या जवळ आली नसावी, असं मला वाटलं. खरं म्हणजे त्यातली एक व्यक्ती दर बुधवारी पामला जनूभाऊंच्या घरी बसून ते भाजून, वर कांदा-लिंबू घेऊन खात होती आणि त्याला ओव्हरटाइम म्हणत होती. मंगळवारी पालघरच्या बाजारात एडवणच्या कोळणीकडून खरेदी, येताना हँडलच्या पिशवीत, अंगणात पोचल्यावर रात्रभर पेटीत मुक्काम, बुधवारी पाम. पुडी कोंबली की वायर दाबली जायची आणि बोल्टापासून सुटायची. पुडी काढली की पुन्हा टेकायची. आणि दोन वर्षांच्या मिठाने तो बोल्ट असा काही खाल्ला होता की त्यावर हिरवट-पांढऱ्या भुकटीचा थर चढला होता. खाऱ्या हवेचं निदान अण्णांनी बरोबर केलं होतं. ती हवा फक्त त्यांनी स्वतः विकत आणलेली होती.

एवढा हुशार माणूस, त्याला हे दोन वर्षांत कळलं कसं नाही, असं पुढे मला पुष्कळांनी विचारलं. माझी नोकरी बिघाड शोधण्याचीच होती, सगळी हयात त्यात गेली, म्हणून सांगते. त्यांना कळायला हवं होतं आणि कळत नव्हतं, दोन्ही खरं आहे. त्या पेटीकडे त्यांनी संशयाने बघितलं असतं तर स्वतःकडे बघावं लागलं असतं. मी पुढे मोठमोठ्या साहेबांच्या विजेच्या पॅनलसमोर उभी राहून आधी त्यांची सातवी ओळ शोधायचे, आणि बिघाड बहुतेक वेळा तिथेच असायचा.

जनूभाऊंनी पुडी उचलून आपल्या पिशवीत घातली आणि घराच्या दिशेने तोंड करून, गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले, "ही पुडी माजी हाय! मीच ठेवली व्हती! साहेबांना काय बी म्हाइत नाय!" रफीक मिस्त्री पेटीत डोकावून म्हणाले, "साब, ये तो पूरा समुंदर निकला." देशमुखकाकांनी जी मान खाली घातली ती खांदे हलायचे थांबेपर्यंत वर केली नाही. मी पॉलिश पेपर घेतला आणि बोल्ट घासायला बसले. मला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि सगळ्यात जास्त भीती वाटत होती की आता अण्णा माझ्याशी कधी बोलणार नाहीत. धातू चकचकीत झाल्यावर मी वायर आवळली. किक अण्णांनी मारली. एकच.

ते खाली बसले, गाडीच्या सीटवर फॉर्म ठेवला आणि सही केली. माझं कोपर धरून म्हणाले, "बस मागं." उमरोळीवरून आम्ही पालघरला इतक्या वेगाने गेलो की माझी वेणी सुटली. खिडकीशी पोचलो तेव्हा एकला दहा मिनिटं होती आणि आतल्या कारकुनाने फॉर्म नाकाशी धरून विचारलं, "याला कसला वास येतोय?" अण्णा पुढे होऊन म्हणाले, "अर्थिंगचा." कारकुनाने शिक्का मारला. परत येताना त्यांनी गाडी मासळी बाजाराच्या अलीकडे वळवून मला उसाचा रस पाजला आणि ग्लासात बघत म्हणाले, "नंदे, आज माझ्या सव्वादोन वर्षांच्या टिका खोट्या निघाल्या. प्लांटमध्ये मी माणसाला घरी पाठवलं असतं." मी म्हणाले, "मग चला घरी." ते इतके हसले की रसवाला बघायला लागला.

घरात त्या गोष्टीचा उच्चार पुन्हा झाला नाही. आईने काही विचारलं नाही, त्यामुळे अण्णांनी काही सांगितलं नाही, आणि जनूभाऊंचं ते ओरडणं तिने खरं मानलं असंच आम्ही दोघं धरून चाललो. मी डिप्लोमा केला, नोकरी केली, निवृत्त झाले. अण्णा गेले, मग चार वर्षांनी आई गेली. गाडी माझ्याकडे आली. मागच्या महिन्यात ती पुन्हा अडली म्हणून मी अंगणात चटई टाकून बसले. गुडघे आता कुरकुरतात, पण टेस्ट लॅम्प तोच आहे. टूलबॉक्स उघडला. पान्यांच्या खाली, मेणकापडात गुंडाळलेलं, ते रजिस्टर होतं. त्या बुधवारनंतर मी ते कधी पाहिलं नव्हतं.

त्या बुधवारची नोंद अण्णांच्या अक्षरात आहे. लक्षण, काटा हलत नाही. दोष, अर्थिंग सुटलेले. कारण, सुके बोंबील, अर्धा किलो. उपाय, बोल्ट घासून आवळला. दोष शोधला, कु. सुनंदा हिने. टूलबॉक्सच्या मागील सर्व टिका खोट्या. खाली त्यांची पूर्ण सही, प्लांटमध्ये करायचे तशी. आणि शेऱ्याच्या रकान्यात, निळ्या शाईत, त्या वळणदार अक्षरात, 'पाहिले.' पुढे पूर्णविराम, मग आईची सही.

त्याखालची पुढची नोंद, सहा महिन्यांनंतरची, पुन्हा अण्णांची आहे, म्हणजे त्यांनीही ते वाचलं होतं. दोघंही बोलले नाहीत. मग एकेक आठवत गेलं. त्या सकाळी दूधवाला साडेअकरापर्यंत आलाच नव्हता, घरात उतू जायला दूध नव्हतंच. अण्णांचा बुधवारचा ओव्हरटाइम पुढेही निवृत्तीपर्यंत चालू राहिला. आणि त्यानंतरच्या प्रत्येक बुधवारी आई त्यांच्या डब्यात दोन भाकरी जास्त बांधायची, सोबत कच्चा कांदा, आणि भाजी मुळीच द्यायची नाही.